आधी वापरा, मग पैसे द्या : शेअरवेअर विक्रीपद्धती आणि पुण्यातील प्रोग्रॅमरची मिळकत

प्रस्तावना

पुणे शहराच्या संगणक-व्यवसायाचा इतिहास सांगताना काही नावे ठरावीक क्रमाने येतात. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन होऊन दोनच वर्षांत बंगळूरला गेलेली इन्फोसिस, १९८८ मधील प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजेच सी-डॅक, १९९० मध्ये सुरू झालेल्या पर्सिस्टंट व केपीआयटी आणि त्यानंतर हिंजवडी. हा इतिहास मुख्यतः वेतनाचा आणि निर्यातीचा आहे. त्यात आज्ञावली लिहिणारा हा पगारदार असतो, त्याचा ग्राहक परदेशात असतो आणि दोघांची गाठ सहसा पडत नाही. १९९१ नंतर सॉफ्टवेअर-निर्यातीवरील नफ्याला प्राप्तिकरात दिलेली सूट आणि सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या सवलती यांनी ही दिशा अधिकच पक्की केली. पाचशे रुपयांची आज्ञावली सदाशिव पेठेतल्या हिशेबनिसाला विकू पाहणाऱ्याच्या वाट्याला या सवलतींतून काहीच येत नव्हते.

तथापि याच शहरात दुसरा एक प्रश्न सातत्याने उभा राहिलेला आहे. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून लिहिलेली आज्ञावली सामान्य ग्राहकाला थेट विकून तिच्यावर निर्वाह चालवता येतो काय? अमेरिकेत या प्रश्नाला १९८० च्या दशकात 'शेअरवेअर' या नावाने एक उत्तर मिळाले. आज्ञावली मोकळेपणाने वाटू द्यावी, ग्राहकाने ती वापरून पाहावी आणि उपयोगाची वाटल्यास लेखकाला ठरलेली रक्कम पाठवावी, अशी ही पद्धती होय. आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी बीसीएस व बीसीए होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना नोकरीखेरीज काही करून पाहावयाचे आहे, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही.

शेअरवेअरचे यश ग्राहकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते आणि भारतीय ग्राहक फुकट्या असल्याने ते येथे रुजले नाही, असा समज बराच रूढ आहे. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. ग्राहकाच्या खिशातले पैसे लेखकापर्यंत कोण पोचवतो आणि त्या पोचवणाऱ्याला त्यातून काय मिळते, हा या व्यवहारातील निर्णायक घटक असल्याचे पुण्यातील अनुभवावरून दिसते.

फ्लॉपीबरोबर आलेली विनंती

या पद्धतीचा आरंभ १९८२ मध्ये झाला. कॅलिफोर्नियातील अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी 'पीसी-टॉक' ही दूरसंवादाची आज्ञावली वाटताना सोबत २५ डॉलर पाठवण्याची विनंती जोडली. त्याच वर्षी आयबीएममध्ये नोकरी करणाऱ्या जिम नॉफ यांनी, म्हणजेच 'जिम बटन' यांनी, 'पीसी-फाइल' अशाच प्रकारे सोडली. पैसे इतके येऊ लागले की १९८४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या बॉब वॉलेस यांनी 'पीसी-राइट' हा शब्दसंस्कारक काढला आणि 'शेअरवेअर' हे नावही त्यांच्यामुळेच रूढ झाले.

या तिघांपैकी वॉलेस यांची योजना आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ७५ डॉलर भरून नोंदणी करणाऱ्यास स्वतःचा क्रमांक असलेली प्रत मिळे. ती प्रत त्याने मित्रास दिली आणि मित्राने नोंदणी केली, तर पहिल्यास २५ डॉलर दलाली मिळे. म्हणजे ज्या वॉलेस यांच्या नावाशी परस्परविश्वासाची ही पद्धती जोडली जाते, त्यांनी स्वतः केवळ विश्वासावर विसंबून राहण्याचे टाळले होते. प्रत पुढे देणाऱ्याला त्यांनी विक्रेता बनवले आणि किमतीचा तिसरा हिस्सा त्याच्या हाती ठेवला. शेअरवेअरविषयीच्या भावुक लेखनात ही गोष्ट सहसा मागे पडते.

पुढील काळातही निव्वळ विनंतीवर फारसे कोणी जगले नाही. जॉन मॅकाफी यांची विषाणुरोधक आज्ञावली घरगुती वापरकर्त्यांमध्ये मुक्तपणे फिरली, परंतु उत्पन्न आले ते परवाना घेणाऱ्या कंपन्यांकडून, आणि १९९२ मध्ये त्यांची कंपनी भांडवल बाजारात उतरली. संगणकीय खेळांच्या क्षेत्रात पहिला भाग फुकट व पुढचे भाग विकत अशी रीत पडली. डिसेंबर १९९३ मधील 'डूम' हे तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय.

पुण्यातील अडसर

या आज्ञावल्या पुण्यात आल्या नाहीत असे नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत, पुढे संगणकविषयक मासिकांबरोबर मिळणाऱ्या तबकड्यांतून त्या घरोघर पोचल्या. फाइली आवळून लहान करणारी 'पीकेझिप' माहीत नाही असा संगणक-प्रशिक्षण वर्ग १९९० च्या दशकात विरळाच. आज्ञावली सुरू होताच पडद्यावर नोंदणीची विनंती येई आणि वापरणारा कळ दाबून पुढे जाई.

तो पुढे का जाई? प्रथम हिशेब पाहू. १९९३ च्या सुमारास डॉलरचा भाव ३१ रुपयांच्या आसपास होता. २५ डॉलर म्हणजे सुमारे ७७५ रुपये आणि वॉलेस यांचे ७५ डॉलर म्हणजे २,३०० रुपयांहून अधिक. पण ही रक्कम कोणी देऊ म्हटले तरी ती पाठवायची कशी? १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, ज्याला व्यवहारात 'फेरा' म्हणत, तो जून २००० मध्ये 'फेमा' येईपर्यंत लागू होता. खाजगी व्यक्तीने परदेशी प्रोग्रॅमरला पोस्टाने पंचवीस डॉलरचा धनादेश धाडावा, ही कल्पनाच त्या चौकटीत बसत नव्हती. येथे प्रामाणिक राहण्यासाठी बँकेत अर्ज करावा लागे. अशा अवस्थेत ग्राहकाच्या नीतिमत्तेची परीक्षा झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण परीक्षेला बसण्याची सोयच नव्हती.

दुसरा अडसर अधिक खोलवरचा होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून किंवा पुण्यातील बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडलेला 'असेंबल्ड' संगणक हा मध्यमवर्गाचा पहिला संगणक. जोडून देणारा त्यात कार्यप्रणाली, शब्दसंस्कारक, हिशेबाची आज्ञावली, मुलांसाठी दोन-चार खेळ असे सर्व भरून देई. यातील कोणती प्रत लेखकाच्या अनुमतीने फिरणारी आणि कोणती चोरीची, हा भेद ग्राहकाला दिसतच नसे. शेअरवेअरचा सगळा डोलारा या भेदावर उभा असतो. जेथे सर्वच आज्ञावल्या फुकट मिळतात, तेथे 'ही मात्र मी आपणहून फुकट देत आहे' या वाक्याला वजन राहत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावली ही प्रताधिकार कायद्याच्या कक्षेत 'साहित्यकृती' म्हणून आली. १० मे १९९५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांच्या कारावासाची व पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद केली, मात्र वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास सौम्यतेला वाव ठेवला. १९९९ च्या दुरुस्तीने तर कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या अव्यापारी वापरासाठी प्रत काढण्यास मुभा दिली. या तरतुदींचा धाक कार्यालयांना काही प्रमाणात बसला. घरातल्या संगणकापर्यंत तो पोचला नाही.

विषाणू, दुरुस्ती आणि कॅट कॉम्प्युटर

अशा परिस्थितीत पुण्यातील दोन भावांची आज्ञावली विकली गेली. ती कशी विकली गेली, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कुटुंबातील कैलास काटकर यांचे औपचारिक शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. १९८५ च्या सुमारास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात दरमहा चारशे रुपयांवर ते कामास लागले आणि १९९१ मध्ये सुमारे पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. कॅल्क्युलेटरपाठोपाठ संगणकांची दुरुस्ती आली. धाकटे बंधू संजय काटकर मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांपैकी अनेकांचे यंत्र धड असे. बिघाड विषाणूचा असे.

विषाणूंच्या प्रसाराचा मार्ग आणि शेअरवेअरचा मार्ग एकच होता, तो म्हणजे हातोहात फिरणारी फ्लॉपी. वैयक्तिक संगणकावरील पहिला प्रसिद्ध विषाणू 'ब्रेन' हा १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपल्या आज्ञावलीच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून तो लिहिल्याचे त्यांनी सांगितले होते, आणि आत आपले नाव-पत्ताही ठेवला होता. (लाहोरचे दोन भाऊ आणि पुण्याचे दोन भाऊ हा योगायोग बाजूला ठेवू, पण नकलेचा त्रास हे दोन्ही कथांचे मूळ आहे खरे.) जून १९९० मध्ये भारतात सापडलेला 'जोशी' विषाणू तर अस्सल मराठी वाटावा असा. दरवर्षी ५ जानेवारीस तो संगणक अडवून ठेवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकलिखित करून शुभेच्छा दिल्याविना सोडत नसे. १९९२ मध्ये ६ मार्चला तबकडीवरील माहिती नष्ट करणाऱ्या 'मायकेलअँजेलो'ने जगभर घबराट उडवली.

संजय काटकर यांनी प्रथम विशिष्ट विषाणू काढून टाकणाऱ्या छोट्या आज्ञावल्या लिहिल्या. त्या दुकानाच्या कामासाठी होत्या. पुढे त्या एकत्र करून 'क्विक हील' या नावाने विकण्यास घेतल्या, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' ही खाजगी कंपनी नोंदली गेली. २००७ मध्ये कंपनीने 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' हे नाव घेतले. २०१० मध्ये सेक्विया कॅपिटलने तीत साठ कोटी रुपये गुंतवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग मुंबई व राष्ट्रीय शेअर बाजारांत नोंदले गेले. हा उत्कर्ष वृत्तपत्रांतून पुष्कळदा सांगितला गेला आहे. त्याची पुनरुक्ती करण्यापेक्षा व्यवहाराची रचना तपासणे अधिक उपयुक्त ठरेल.

पहिली गोष्ट अशी की, या आज्ञावलीची नक्कल करण्यात अर्थ कमी होता. शब्दसंस्कारकाची चोरून घेतलेली प्रत पाच वर्षे चालते. विषाणुरोधकाची गेल्या वर्षीची प्रत या वर्षीच्या विषाणूला ओळखत नाही. ग्राहक पैसे देतो ते तबकडीतल्या आज्ञावलीसाठी कमी आणि तिच्या पुढील अद्ययावतीकरणासाठी जास्त. वर्षभराची मुदत संपली की व्यवहार नव्याने सुरू. शेअरवेअरच्या अमेरिकी लेखकांनी नोंदणी करणाऱ्यास छापील पुस्तिका व नवी आवृत्ती देऊ करून जे साधण्याचा प्रयत्न केला, ते या विषयाच्या स्वरूपातच अंगभूत होते.

दुसरी गोष्ट, 'आधी वापरा' हा भाग येथेही राहिला. तीस दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट मिळे, ती पुढे देण्यास हरकत नसे, आणि मुदत संपल्यावर क्रमांकाची किल्ली घातल्याशिवाय अद्ययावतीकरण थांबे. येथवर ही पद्धती काटेकोरपणे शेअरवेअरच आहे. 'मग पैसे द्या' हा भाग मात्र पूर्णपणे निराळा होता. ती रक्कम टपालाने जात नव्हती, १९९५ मध्ये विदेश संचार निगमने सुरू केलेल्या इंटरनेटवरूनही दीर्घकाळ जात नव्हती. ती गल्लीतल्या संगणकवाल्याच्या हाती रोख पडत होती. खोक्यात तबकडी, तबकडीबरोबर किल्ली, आणि खोके विकणारा तोच, जो संगणक जोडून देतो व बिघडल्यास घरी येऊन दुरुस्त करतो.

या माणसाचे हित येथे उलटे झाले, हा या कथेचा कळीचा मुद्दा होय. हिशेबाची आज्ञावली चोरून भरून दिल्यास त्याचा संगणक चटकन विकला जाई, म्हणून तो ती भरून देई. विषाणुरोधक मात्र अधिकृत विकल्यास त्याला दर खोक्यामागे कमिशन मिळे आणि वर्षाने तेच गिऱ्हाईक पुन्हा दारी येई. जो हात इतर सर्व आज्ञावल्यांची चोरी पसरवत होता, तोच हात एका आज्ञावलीचा वसुली-प्रतिनिधी बनला. वॉलेस यांनी मित्राला दिलेली २५ डॉलरची दलाली पुण्यात डीलरच्या कमिशनच्या रूपाने अवतरली, असे म्हणता येईल. आणि काटकर बंधू स्वतः दुरुस्तीच्या धंद्यातून आलेले असल्याने या माणसाची नड त्यांना नेमकी ठाऊक होती. संगणकशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमात ती शिकवली जात नाही.

कुलूप आणि फुकट वाटप

याच शहरात याच काळात मराठी लिपीच्या सॉफ्टवेअरने वेगळी वाट धरली, तिचा उल्लेख तुलनेसाठी करणे आवश्यक आहे. सी-डॅकचे आरंभीचे 'जिस्ट' हे मुळात संगणकात बसवावयाचे कार्ड होते, त्यामुळे त्याची नक्कल फ्लॉपीवर होणेच शक्य नव्हते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' संगणकाच्या पाठीमागे लावावयाच्या हार्डवेअर-कुलपासह विकली गेली. छापखाने व वृत्तपत्रे यांना ती परवडली, कारण त्यांच्या दृष्टीने ते उत्पादनाचे यंत्र होते. शिक्षक, लेखक, हौशी टंकलेखक यांना ती परवडली नाही, आणि दर संस्थेचा फाँट निराळा असल्याने एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर वाचता न येण्याची आपत्ती आपण सर्वांनीच भोगली आहे.

शेजारच्या कर्नाटकात १९९८ मध्ये आलेल्या 'बरहा'ने आधी मुक्त वितरण केले, देवनागरीसह अनेक भारतीय लिप्या सामावून घेतल्या आणि पुढे आपल्या आवृत्त्या विकत देण्यास आरंभ केला. मराठीत अशा प्रयोगाला वाव होता काय? २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांतील फाँट व साधने तबकड्यांवर मोफत वाटण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि युनिकोडमुळे लिपीची सोय कार्यप्रणालीतच आली. वाचक-लेखकांच्या दृष्टीने हे इष्टच झाले. छोट्या मराठी सॉफ्टवेअर-विक्रेत्यासाठी मात्र दार बंद झाले. विषाणुरोधकाच्या क्षेत्रातही २०१२ मधील 'विंडोज ८' पासून संरक्षण कार्यप्रणालीतच अंतर्भूत झाले, तेव्हा एका बाजारपेठेचे जे झाले ते दुसरीच्याही वाट्याला काही अंशी आलेच.

ग्राहकाने घेतले काय?

खोक्यातली तबकडी विकत घेणारा ग्राहक नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तबकडीवर विकली जाणारी तयार आज्ञावली ही 'वस्तू' ठरवली होती. तरीही १ मार्च २०११ ते ३१ मार्च २०१४ या कालावधीसाठी महसूल विभागाने क्विक हीलकडे सुमारे छप्पन्न कोटी रुपये सेवाकर मागितला. ग्राहक विकत घेतो ती किल्ली, तबकडी नव्हे. किल्ली म्हणजे वापराची अनुमती, आणि अनुमती देणे ही सेवा, असा विभागाच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायाधिकरणाने तो फेटाळला. ५ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही विभागाचे अपील फेटाळले. तबकडीसाठी एकरकमी किंमत घेऊन तिच्यावर विक्रीकर भरला असता त्याच रकमेवर पुन्हा सेवाकर आकारता येणार नाही, असा निर्णय झाला.

कंपनीच्या दृष्टीने निर्णय समाधानकारक होता. इतिहासाच्या दृष्टीने महसूल विभागाचा युक्तिवाद अधिक बोलका आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तबकडी कोणीही कोणालाही द्यावी, मूल्य किल्लीला आहे, हे शेअरवेअरचे मूळ सूत्र एका कर-विभागाने इतक्या नेमकेपणाने मांडावे, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

पैशाची नवी वाट

पुण्यातील प्रोग्रॅमरला १९९३ मध्ये जी वाट उपलब्ध नव्हती, ती आता आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने पंचवीस रुपयेही कोणाही लेखकाच्या खात्यात तत्काळ जाऊ शकतात. भ्रमणध्वनीवरील आज्ञावल्यांचा बाजार २००८ पासून उभा राहिला असून त्यात 'आधी वापरा, मग पैसे द्या' ही रीत सार्वत्रिक झाली आहे. त्यामुळे शेअरवेअर आज व्यवहार्य आहे, असे उत्तर देण्याचा मोह होतो.

परंतु वसुली करणारा हात नाहीसा झालेला नाही, तो केवळ गल्लीतून उठून परदेशी कंपनीच्या दुकानात गेला आहे. गूगलच्या दुकानात डिजिटल विक्रीवर दीर्घकाळ तीस टक्के कपात होत असे. लहान विक्रेत्यांसाठी, म्हणजे वर्षाकाठच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत, ती जुलै २०२१ पासून पंधरा टक्के करण्यात आली. आपलीच देयक-व्यवस्था वापरण्याच्या सक्तीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला सुमारे ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. संगणकवाल्याचे कमिशन आणि ही कपात यांत टक्केवारीपेक्षा एक निराळा फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. संगणकवाला गिऱ्हाईकाच्या घरी जात होता, त्याला आज्ञावली लावून देत होता, अडल्यास फोनवर समजावत होता, आणि त्याच्याकडून मिळालेल्या तक्रारी पुण्यातल्या कार्यालयापर्यंत पोचत होत्या. आजचा विद्यार्थी आपली आज्ञावली जगभर पाठवू शकतो; मात्र ती कोणी घेतली आणि वर्षाने नूतनीकरण का केले नाही, हे त्याला विचारावयाचे झाल्यास त्याच्या हाती बहुधा एक आकडा आणि काही तारका असतात.

आवर्ती वसुलीच्या बाबतीतही नियम सरळ नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या नूतनीकरणासाठी ग्राहकाला पूर्वसूचना देणे व एका मर्यादेपलीकडे त्याची पुन्हा संमती घेणे आवश्यक झाले. ही मर्यादा प्रथम पाच हजार रुपये होती, जून २०२२ मध्ये ती पंधरा हजार करण्यात आली. ग्राहकाच्या हिताचाच हा नियम आहे, आणि पाचशे रुपयांच्या वार्षिक वर्गणीला ती मर्यादा आड येत नाही. तरीही पूर्वसूचना मिळताच वर्गणी रद्द करण्याचा पर्याय ग्राहकासमोर येतो, आणि त्या क्षणी त्याच्या शेजारी बसून 'साहेब, राहू द्या, पुढच्या महिन्यात पुन्हा मलाच यावं लागेल' असे सांगणारा कोणी नसतो.